खाली सही संचालकांची

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांनी कुंचला हाती धरला. जन्मभर लोकांना "आ करा" सांगणाऱ्या माणसाला मिटलेलं तोंड रंगवणं जमेना. त्यांच्या चित्रांतली माणसं बत्तिशी दाखवतच बसायची. सगळ्यांत जास्त चित्रं बायकोची. एकातही तिचे दोन्ही डोळे एका पातळीवर नव्हते.

"कसला राग काढताय माझ्यावर?" बाई विचारायच्या.

"चित्र बोलतं. ऐकायला कान हवेत."

"बोलत नाही हो, कण्हतं."

मूलबाळ नव्हतं. बंगला बाईंना वडिलांकडून मिळालेला, कागदोपत्री त्यांचाच. डॉक्टर मात्र चारचौघांत "माझा बंगला" म्हणायचे आणि बाई ते कानाआड करायच्या. एके दिवशी डॉक्टरांच्या मनानं घेतलं, की आपल्या दोघांच्या पश्चात बंगला शहरातल्या कलासंग्रहालयाला द्यायचा आणि तिथल्या एका दालनात आपली चित्रं कायमची लावून घ्यायची.

हे कळायचा अवकाश, संग्रहालयाचे संचालक चहाला हजर. भर उन्हाळ्यात गळ्यात रेशमी मफलर. त्यांनी आधी छताची उंची न्याहाळली, मग बागेकडे पाहिलं, मग नाइलाजानं चित्रांकडे.

"डोळ्यांची ही विषमता मुद्दाम साधलीत ना?" ते बाईंच्या चित्रापुढे हात जोडून म्हणाले. "एक डोळा भूतकाळ बघतोय, दुसरा भविष्य."

"मग वर्तमानात मी आंधळी म्हणायची," बाई कप उचलत म्हणाल्या.

संचालक पुढच्या चित्राकडे सरकले. "आणि हा कुत्रा! हा कुत्रा नव्हेच, साक्षात निष्ठा आहे."

"ती माझी थोरली बहीण," डॉक्टर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी! निष्ठा!"

त्यानंतर ते दर आठवड्याला येऊ लागले. याचा सुगावा लागून डॉक्टरांचा पुतण्याही येऊ लागला. एरवी तो लग्नाकार्याला तोंड दाखवायचा तेवढाच. "काका, असली कला घरातच राहायला हवी. बंगला मी सांभाळतो, चित्रं आपोआप सांभाळली जातील." दोघांमध्ये कौतुकाची अशी काही चढाओढ लागली, की डॉक्टर दिवसाला एक चित्र उरकू लागले.

आणि त्या सुखातच ते गेले. दुपारी आरामखुर्चीत पडले ते उठलेच नाहीत. "चित्रं लावून घे हं," एवढंच त्यांनी बायकोकडे मागून ठेवलं होतं.

बाईंनी बंगला द्यायला होकार कळवताच संग्रहालयाची गाडी येऊन चित्रं घेऊन गेली. "दालनाचं काम जोरात आहे," असं संचालक फोनवर सांगत राहिले. सहा-सात महिने वाट बघून बाई न कळवता तिथे जाऊन धडकल्या. चित्रं तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी होती. तोंडं भिंतीकडे. वर बादली.

"उजेडानं रंग उडतात, म्हणून खाली ठेवलीत," धावत आलेले संचालक म्हणाले.

"आणि बादली?"

"छत जरा गळतं."

बाईंचे डोळे भरून आले. चित्रं वाईट होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण वाईट म्हणण्याचा हक्क त्यांचा होता. त्यांनी ती इतकी वर्षं सोसली होती.

"मृत्युपत्रावर माझी सही अजून व्हायची आहे," त्या म्हणाल्या. "दालन उघडा. आणि प्रत्येक चित्राखाली तुम्ही आमच्या बैठकीत जे जे म्हणालात ते लिहा. शब्दन्‌शब्द. खाली तुमचं नाव आणि हुद्दा."

"बाई, चहा पिताना माणूस काहीबाही बोलतो हो!"

"मग तसं लिहा. दोष चहाचा."

संचालकांनी विश्वस्तांकडे धाव घेतली. विश्वस्तांनी बंगल्याचे फोटो पाहिले आणि त्यांना एकमतानं लिहायला बसवलं.

उद्घाटनाला गर्दी लोटली. लोक चित्रांवरून नजर फिरवायचे आणि खालचा मजकूर मात्र दोन-दोनदा वाचायचे. निष्ठेपाशी तर रांग लागली. कुणी रुमाल तोंडावर धरत होतं, कुणी भिंतीकडे वळून खांदे हलवत होतं. एक चित्रकलेचे मास्तर मात्र मजकूर मन लावून वहीत उतरवून घेत होते.

"काकू, अजून विचार बदलता येईल," पुतण्या कानाशी कुजबुजला.

"येईल की. म्हणून तर आलास."

बाई स्वतःच्या एका चित्रापुढे थांबल्या. डोळे वाकडे, हनुवटी गायब. पण कानामागची पांढरी बट डॉक्टरांनी हुबेहूब टिपली होती. ती बट बाईंनाही आरशात कधी दिसली नव्हती. तिथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

मागे कुणीतरी बोलत होतं. सिमेंटचे एक बडे व्यापारी संचालकांना कोपऱ्यात घेऊन सांगत होते, "साहेब, मीही हल्ली थोडंफार काढतो. आणि आमचा नदीकाठचा टीचभर प्लॉट..." त्यांनी हात पसरून टीच दाखवली ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

संचालकांनी एकदा भिंतीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं आणि मफलर सारखा केला.

"चहाला कधी येऊ?" ते म्हणाले.