साडेपाच तासांची चूक

यामिनी संतापली की गप्प बसते, आणि त्या सकाळी तिने आईशीही चकार शब्द काढला नव्हता. कोलकात्यातल्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आईने, शकुनताईंनी, चहा पुढे केला आणि शेवटी विचारलंच, "काय म्हणाले तुझे घोषालसर?"

"म्हणाले, श्यामरावांच्या नोंदी बेभरवशाच्या आहेत असं लिहून टाक. नाहीतर प्रबंधावर सही करणार नाहीत."

प्रकरण असं होतं. एका तारकागुच्छातले दोन तारे साधारण सव्वा दिवसात एकमेकांभोवती फेरी मारतात. त्यांचे वेग मोजले की कक्षा कळते, आणि कक्षेवरून दोघांचं वस्तुमान. घोषालसरांनी वीस वर्षांपूर्वी ते काढलं, ते नवलाचं कमी भरलं आणि सरांचं नाव झालं. यामिनीने जुने आकडे पुन्हा मांडले तर परदेशी दुर्बिणीचे नीट बसत होते, आपल्या दुर्बिणीचे अकरा मात्र भलतीकडेच. मग तिने वेधशाळेचं मूळ रजिस्टर मागवलं. निरीक्षक श्यामराव आता हयात नाहीत, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'भारतीय वेळ'. संगणकात भरताना सरांनी ती ग्रीनिचची समजून तशीच भरली. यामिनीने अकराही नोंदी साडेपाच तास मागे नेल्या, आणि सगळे ठिपके निमूट रेषेवर येऊन बसले. ताऱ्यांचं वस्तुमान चारचौघांसारखंच निघालं. नवल वगैरे काही नव्हतंच.

"अगं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" शकुनताई म्हणाल्या. "सहा वर्षं घातलीस तू. मूग गिळून बस की."

"मला पडतो, आई. ज्याने थंडीत कुडकुडत मिनिटामिनिटाची वेळ लिहिली, त्याला मी खोटं पाडू? जमणार नाही."

दुपारी तीनला प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. संस्थेच्या सभागृहात तिने रजिस्टरचं पानच पडद्यावर लावलं. पहिल्या रांगेत घोषालसर हाताची घडी घालून बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी विचारलं, "मग वेळ बदलायची कोणाकडून राहिली?"

'आमच्या गटाकडून' असं मोघम उत्तर यामिनीने बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. सरांची तेवढी लाज तिला राखायची होती. पण सरच मध्ये बोलले, "निरीक्षकाचा निष्काळजीपणा. लिहिलंय तिने तसं."

यामिनीचं डोकंच फिरलं. "मी असं काहीही लिहिलेलं नाही, सर. आकडे तुम्ही स्वतः भरलेत, फाइलवर तुमचं नाव आहे. सही करू नका हवं तर. मी यातलं एक अक्षर खोडणार नाही."

घोषालसर उठले आणि दाराकडे निघाले. यामिनी पुन्हा पडद्याकडे वळली, आणि तिने सर बाहेर पडण्याची वाटही न पाहता दोन्ही ताऱ्यांचं खरं वस्तुमान वाचायला सुरुवात केली.