शिडीला घाबरणारे बंबकाका

मित्रांनो, मी एका चित्रकाराचा जुना फळा आहे. शाळेतला काळा फळा डोळ्यांपुढे आणू नका. मी लाकडी, उतरत्या टेबलासारखा, कागद टाचून चित्रे काढण्यासाठी केलेला. सुताराने मला असा रंधा मारला होता, की माझ्यावर पेन्सिल क्षणभरही टिकत नसे. मुलांच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत, खिडकीजवळ, मला चित्रकारांच्या हवाली करण्यात आले.

चित्रकार माझ्यावर दोन चित्रकथा काढत. पहिल्या पानावर अचूकवीर असे. तो कधी चुकत नसे, कधी पडत नसे, आणि शंभर शत्रू लोळवले तरी त्याचा भांग विसकटत नसे. शेवटच्या पानाच्या तळाशी चार चौकटी उरत. तिथे असत बंबकाका. आग विझवण्याची नोकरी, बढाया आभाळाएवढ्या, आणि शिडीची मात्र भीती! झाडावर अडकलेले मांजर उतरवायला बोलावले, की म्हणत, "आज शिडीला सर्दी झालीय. उद्या बघू." शेवटी मांजर कंटाळून आपणहून उतरे आणि काका मिशीला पीळ देत, "बघा, नुसता माझा दरारा!"

टपालाची पिशवी माझ्या पायाशीच रिकामी होई. अचूकवीराला दहा पत्रे आली, तर बंबकाकांना शंभर येत.

एकदा काही पालकांची तक्रार आली. आग विझवणाराच थापा मारू लागला, तर मुलांनी काय शिकावे? संपादकबाई चित्रकारांना म्हणाल्या, "काकांना जरा सुधारा की. चढू दे त्यांना एकदाची शिडी."

चित्रकारांनी वाद घातला नाही. त्या दिवसांत ते कुणाच्याच नजरेत यायला तयार नव्हते, कारण त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. अचूकवीराची सरळ हनुवटी ते पट्टी लावून काढत आणि कुणी आले, की पट्टी माझ्याखाली सारत. रेघ वाकलीच, तर म्हणत, "हल्ली शाईच पातळ येते." शाई तीच होती, हे मला ठाऊक होते. बंबकाकांचे मात्र त्या थरथरीने काही बिघडत नसे. त्यांचे गुडघे उलट जास्तच खरे लटपटत.

तर काका सुधारले. तीन आठवडे ते सरसर शिडी चढले, खरे बोलले, वेळेवर पोचले. पत्रे आटत गेली. चौथ्या आठवड्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून कचेरीत आली.

"पहिले काका कुठे गेले?" तिने विचारले.

"हेच ते," चित्रकार म्हणाले. "आता घाबरत नाहीत. चांगलं झालं ना?"

मुलीने मान खाली घातली. आई म्हणाली, "हिला पाण्याची भीती वाटते हो. पोहण्याच्या तासाला काठावरच बसते. दर आठवड्याला मला सांगायची, काका पण नाही चढले."

"आता काका पण चढले," मुलगी म्हणाली. "मग मी एकटीच राहिले."

चित्रकारांनी टाक खाली ठेवला. मायलेकी गेल्यावर त्यांनी माझ्याखालची पट्टी काढली आणि ती संपादकबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"माझा हात थरथरतो. अचूकवीर दुसऱ्या कुणाला तरी द्या. बंबकाका मात्र मला परत हवेत. होते तसे."

बाईंनी चष्मा काढला. "हाताचं मला वर्षभर ठाऊक आहे. ती पट्टी दर वेळी धपकन खाली पडते. तुम्ही कधी सांगताय, म्हणून थांबले होते."

"आणि तक्रारी?"

"त्यांना उत्तरं मी लिहीन."

पुढच्या अंकात काका शिडीच्या टोकावर होते. त्यांनी खाली पाहिले, डोळे मिटले आणि शिडीला मिठी मारली. शेवटच्या चौकटीत मांजरच त्यांना धीर देत होते. काका म्हणत होते, "छे, घाबरतंय कोण! हवा बघत होतो!"

काही महिन्यांनी त्या मुलीचे पत्र आले. 'कमरेपर्यंत गेले. डोकं नाही बुडवलं.' एवढेच. चित्रकारांनी ते दोनदा वाचले आणि खणात ठेवले.

त्यानंतर अकरा वर्षे त्यांनी माझ्यावर काम केले. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या चार चौकटी काढल्या. काका दोन पायऱ्या चढून थांबले होते.

"शेवटी तरी त्यांना न घाबरता वरपर्यंत न्यायचं होतं," बाई म्हणाल्या.

"दोन पुष्कळ झाल्या," चित्रकार म्हणाले आणि त्यांनी टाक पुसला.

आता चित्रे यंत्रावर निघतात. मी जिन्याखाली आहे आणि माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात. मित्रांनो, रंधा मारून मला नवाकोरा करा, असे मी म्हणत नाही. शाईचे डाग, टाचण्यांची भोके राहू द्यात. फडकी तेवढी दुसरीकडे टाका. वाकडे व्हायचे मला वावडे नाही. कुजायचे मात्र आहे.