टाकीखालची सावली

नव्या टाकीच्या पायांचा हिशेब ज्योतीने तीनदा केला आणि तिन्ही वेळा तिचं डोकं फिरलं. २००३ साल होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती नवी कनिष्ठ अभियंता, आणि टाकी डोंगरकड्याजवळच्या तिच्याच गावची.

पाय किती भाराला लचकतील हे तिच्या वरच्या साहेबांनी ऊर्जेच्या पद्धतीने काढलं होतं. वाकलेल्या पायाचा आकार आधी मनाने धरायचा, मग खाली सरकणाऱ्या भाराचं काम आणि वाकलेल्या लोखंडात साठलेली ऊर्जा सारखी मांडायची. पद्धत खरी. पण धरलेला आकार चुकला की उत्तर जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. साहेबांनी सोपा पॅराबोला धरला, बारा आले. ज्योतीने साइनचा वक्र धरला, दहाच्याही आत आले. भरल्या टाकीचा भार त्याच मापात अकरा होता, म्हणजे टाकी भरली की पाय लचकणार.

"बारा म्हणजे जास्तच मजबूत," साहेब म्हणाले. "पायांना मधे धरणाऱ्या आडव्या पट्ट्या लागत नाहीत."

"काहून लागत नाहीत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"ऑफिसात 'का' म्हणतात. कोणत्या यादीतून आलात तुम्ही?"

ज्योतीच्या अंगाची लाही लाही झाली. लोखंड काय यादी बघून लचकतं? चूक यांची, आणि जात काढायची माझी!

घरी तिने आईला, जनकाबाईला सगळं सांगितलं. नळ टाकीखालीच होता. उन्हाळ्यात बाया घागरी घेऊन तिथंच सावलीला बसणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं.

"मंग तुह्या साहेबालाच बसव की सावलीत," जनकाबाई म्हणाली. "मरायला आमीच काहून बसावं?"

टाकी पहिल्यांदा भरायची त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. ज्योतीने बायांना लांब लिंबाखाली बसवलं आणि साहेबांची खुर्ची टाकीखाली नळाशेजारी मांडली. "साहेब, तुम्ही बसलात की पंप सुरू करते," ती म्हणाली.

साहेब खुर्चीकडे निघाले, थबकले, त्यांनी वर बघितलं. "खुर्ची तिकडं घ्या, लिंबाखाली."

"काहून, साहेब?" या वेळी शब्द चुकून आला नव्हता. "बारा आलेत ना?"

साहेब घाम पुसत राहिले, पण त्या सावलीत पाऊल टाकेनात. सगळ्या बाया बघत होत्या. ज्योतीने आडव्या पट्ट्या बसवायच्या मंजुरीचा कागद पुढे केला.

सही त्यांनी उन्हात उभं राहूनच केली.