तेल पिणारी गाडी

"झाकण कोणी उघडलं होतं?"

शिवाजी पार्कच्या कठड्याला लागून गाडी उभी होती, बॉनेट वर होतं. कमल सळसकरच्या हातात तेल मोजायची पट्टी होती आणि तिच्यावरून मधासारखं घट्ट काहीतरी ओघळत होतं. चालायला आलेली पाचसहा माणसं भोवती थांबली होती.

"सरप्राइज, आई!" निमेश, तिचा जावई, हातातला मोबाइल खाली न घेता म्हणाला. "शुक्रवारी गाडी धुवायला नेली ना, तेव्हाच ओतलं. आपलंच प्रॉडक्ट. बघा, धूर एकदम बंद!"

इंजिनात घालायच्या त्या बाटल्यांची एजन्सी निमेशने नुकतीच घेतली होती. तो मोबाइलकडे वळून बोलू लागला. "तर मित्रांनो, चाळीस वर्षांची रोटरी गाडी, तेल पिऊन पिऊन थकलेली..."

कमलची कानशिलं तापली. तिचा नवरा महादेव जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. ही जपानी गाडी त्याने हौसेने आणली आणि जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला तिला हात लावू दिला नाही. हिच्यात पिस्टन नव्हतेच, आत एक तिकोनी तुकडा गरगर फिरायचा. त्याच्या टोकांवरची सीलं कोरडी पडू नयेत म्हणून थेंब थेंब तेल आत जाऊन जळायचं. तशी घडणच होती तिची. "ह्येका तेल पिऊक लागताच, कमळे," महादेव म्हणायचा. "तहानलेला ठेवलंस तर मरात." तो गेल्यावर परळच्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीतून रिटायर झालेली कमल दर रविवारी स्वतः गाडी काढायची आणि तेल बघून थोडं थोडं भरायची.

जावयाला ती नेहमी अहो-जाहो करायची. आज ते सुटलं.

"माका इचारलंस? गाडी माझी. मला विचारलंस का तू?"

"अहो आई, विचारायचं काय त्यात? चांगल्यासाठीच केलं ना."

"तीस वर्षं वॉर्डात काढली मी. पेशंटला न विचारता औषध पाजलं, तर त्याला चांगलं करणं म्हणत नाहीत रे!"

बघ्यांतला एक जण हसला. "मावशी, जावई हुशार आहे. गाडीतलं बायकांना..." कमलने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. बॉनेट आपटून ती गाडीत बसली.

गाडी पोर्तुगीज चर्चपर्यंतच चालली. तिथे दम लागल्यासारखे आचके दिले आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली नाही.

घोडपदेवला रामजीचं गॅरेज होतं. महादेवच्या वेळेपासून गाडी त्याच्याकडेच जायची. त्याने इंजिन खोललं आणि कमलला बोलावून घेतलं. निमेशही आला.

"वहिनी, तेलाच्या बारीक नळ्या चिकटल्यात," रामजी म्हणाला. "टोकांची सीलं घासून गेली. पण ती आधीपासूनच झिजलेली दिसतात. बाटलीनं मारलं की वयानं, छातीठोक नाही सांगत."

"म्हणजे माझ्यामुळे नाही," निमेश लगेच म्हणाला.

"तसं कुठे म्हटलं मी? जुन्या रोटरीला चांगलं तेल, ते वेळच्या वेळी बदलायचं, आणि फार तर पेट्रोलमध्ये चमचाभर टू-स्ट्रोकचं तेल. बाकी बाटल्यांची गरज नसते. आता पार्ट कुठून आणू? ही परत चालेल असं नाही वाटत."

कमलने सुट्या झालेल्या इंजिनाकडे पाहिलं. रडायची वेळ होती, पण रागाने डोळे कोरडे ठेवले होते.

संध्याकाळी लेक आली. अनुजाने दारातच सुरुवात केली. "आई, त्याने टाकलेला तो व्हिडिओ काढून टाकायला नको सांगूस त्याला. किती धंदे बुडाले त्याचे. आता कुठे लोक विचारतायत."

"गाडी मेली अनू. आणि ती बरी झाली म्हणून हा जगाला दाखवतोय."

"त्या दिवशी धूर नव्हताच ना? खोटं काय आहे त्यात?"

"धूर नव्हता, कारण तेलच पोचत नव्हतं! ताप उतरला म्हणून नाचायचं, आणि पेशंट गार पडलाय ते बघायचं नाही?"

"एका गाडीपायी माझं घर मोडशील तू."

"गाडीपायी नाही गं. मला कुणी विचारलंच नाही, त्याचं काय?"

अनुजा चहा न घेताच गेली. कमलने चष्मा लावला आणि निमेशच्या व्हिडिओखाली स्वतःच्या नावाने लिहिलं: ही गाडी माझी आहे. मला न विचारता हे ओतलं. हा व्हिडिओ काढला त्याच दिवशी गाडी बंद पडली. कशामुळे ते मेकॅनिकलाही नक्की सांगता येत नाही. पण ती बरी झालेली नाही.

दोन दिवसांनी व्हिडिओ नाहीसा झाला. निमेशचा फोन आला नाही. अनुजाचाही नाही. रविवारच्या जेवणाला पानावर लेक-जावई नसण्याची कमलला हळूहळू सवय करून घ्यावी लागली.

गॅरेजात जागा अडली म्हणून गाडी घरी न्यायची ठरली. रामजीने टेम्पोला दोर बांधला.

"वहिनी, तुम्ही टेम्पोत बसा. मागे गाडीत माझा माणूस बसेल. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा लागतो, स्टिअरिंगही."

"लागू दे," कमल म्हणाली.

तिने पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे बसली. दोर ताणला गेला. लालबागच्या सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढली. "क्या हुआ, माँजी?"

कमल समोर बघत होती. टेम्पो परळकडे, घरच्या वाटेला वळू लागला, तशी ती सीटवरून अर्धवट उठली, जड स्टिअरिंगला दोन्ही हातांचा जोर लावला आणि गाडी त्याच्यामागे वळवली.