मुदत सत्तावीस फेब्रुवारी

इलोइलो शहरातल्या एका विद्यापीठात पदव्युत्तर विभागाचं सोमवारचं पत्रक हर्मेलिना गेल्वेझोन एकोणीस वर्षं काढत होती. कुठली शिष्यवृत्ती निघाली, कुणाच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा कधी, परिषदेला जायचं भाडं कोण देतं, वसतिगृहात खोली कुठे रिकामी झाली, समुपदेशक कोणत्या वारी बसतात, असं सगळं दोन पानांत. एक प्रत दारावर, एक वेबसाइटवर, बाकी चारेकशे विद्यार्थ्यांच्या मेलमध्ये. विद्यार्थी तिला थोरल्या बहिणीसारखं मानांग म्हणत. पत्रकातलं काही चुकलं अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता, जरी तो तिने कधी बोलून दाखवला नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी रोडेलिओ गॅलो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. समोरच्या ग्विमारास बेटावरचा हा शाळामास्तर. दोन वर्षांची अभ्यासरजा घेऊन खाडीतल्या कालवांवर पीएचडी करत होता; रजा जूनमध्ये संपणार होती.

"मानांग, क्षेत्रकामासाठी दुसरी काही मदत आहे का? लहानसहान असली तरी चालेल."

"तू त्या प्रतिष्ठानच्या अनुदानाला अर्ज करणार होतास ना, तोतो?" धाकट्या भावाला हाक मारावी तसं तिने विचारलं.

"केला. परत आला. मुदत वीसला संपली होती, मी बावीसला पाठवला." तो ओशाळं हसला. "माझ्या डोक्यात सत्तावीस बसली होती. तारखांच्या बाबतीत मी ढच. बायको पहिल्यापासून सांगतेय."

हर्मेलिनाने त्याला चार जागा सुचवल्या, दोन फॉर्म दिले. तो गेल्यावर तिने फेब्रुवारीच्या पत्रकांची फाइल काढली. पत्रकात सत्तावीसच होती. मग प्रतिष्ठानचं पत्र शोधलं. त्यात वीस. मागच्या वर्षीचा मजकूर तिने जसाच्या तसा उचलला होता आणि वर्ष तेवढं बदललं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या ओफेलियाला तिने दोन्ही कागद दाखवले. ओफेलियाने ते चष्मा वर करून पाहिले आणि परत केले.

"वेबसाइटवरचं नीट कर आणि गप्प बस. तो स्वतःच म्हणतोय ना माझी चूक म्हणून? तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. उगाच कशाला ओढवून घेतेस?"

त्या दुपारी हर्मेलिनाने वेबसाइटवर सत्तावीसचे वीस केले. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मंगळवारी तिने नेहमीची कामं केली. रोडेलिओ जिन्यात भेटला, त्याने मान लववली आणि सुचवलेल्या जागांपैकी दोन बंद झाल्याचं सांगितलं. बुधवारी सकाळी, कचेरीत कुणी यायच्या आत, चूक लपवलेली राहू नये म्हणून तिने विसाचे पुन्हा सत्तावीस केले आणि रोडेलिओला फोन लावला.

तो आला. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याला वाचू दिले. त्याने एकदा वाचले, पुन्हा वाचले.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," तो म्हणाला.

"हो. मी चुकीचं छापलं होतं."

त्याने दोन्ही कागद नीट जुळवून तिच्याकडे सरकवले. आवाज चढवील असं तिला वाटलं होतं, चढवला असता तर तिला बरंही वाटलं असतं.

"पैसे आता मिळत नाहीत, ते कळलं मला," तो म्हणाला. "एकच करा, मानांग. हे माझ्या बायकोला, नेरीसाला, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, आता दुसऱ्याच्या माथी मारतोय."

हर्मेलिनाने डीन तुपासबाईंना सगळं सांगितलं आणि त्यांनी प्रतिष्ठानला फोन केला. यादी विश्वस्तांकडे गेली होती, आता काही होणार नव्हतं. पुढच्या सोमवारच्या पत्रकात सगळ्यात वर हर्मेलिनाने दुरुस्ती छापली: तारीख आमच्याकडून चुकली, चूक माझी, आणि खाली नाव. त्या आठवड्यात आणखी तीन विद्यार्थी पुढे आले. तिघांचेही अर्ज परत आले होते आणि तिघेही स्वतःलाच दोष देत बसले होते.

"दुरुस्ती हवीच होती," डीनबाई म्हणाल्या. "नाव घालायची गरज नव्हती. आता मला लेखी ताकीद द्यावी लागेल."

"द्या, मॅडम."

ताकीद तिच्या फाइलला लागली.

शनिवारी ती पॅरोला धक्क्यावरून बोटीने बेटावरच्या ब्युएनाविस्ताला उतरली आणि तीनचाकीने रोडेलिओच्या गावी गेली. आंब्यांना कागद बांधायचे दिवस होते. नेरीसा बागायतदाराकडे रोजावर होती. बांबूच्या शिडीवर उभी राहून एकेका कैरीला जुन्या वर्तमानपत्राची पिशवी चढवत होती. खाली कुणी बाई उभी आहे हे पाहूनही तिने हात थांबवला नाही.

"विद्यापीठातून आलात? काय केलंय त्याने?"

"त्याने काही नाही, इंदाय. मी केलंय," हर्मेलिना धाकट्या बहिणीशी बोलावं तशी म्हणाली.

नेरीसा खाली उतरली. हर्मेलिनाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कागदही दाखवले. नेरीसाने ते हाताचा चीक पुसून घेतले आणि ओठ हलवत वाचले.

"तीन आठवडे मी त्याला काय काय बोलले, ठाऊक आहे? लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये तासभर उशिरा आला होता, तेसुद्धा उकरून काढलं."

"ते खरं आहे?"

"ते खरं आहे." तिने कागद परत दिले. "आता मी तुमच्यावर रागवायचं म्हणता?"

"रागवा."

"जमणार नाही. त्याच्यावर रागवायचीच सवय झालीय." ती शिडीला टेकली. "पण तुम्ही वाईट केलंत, मानांग. त्या पैशांतून तो माणूस लावणार होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली की कालवं मोजणार कोण?"

एवढं बोलूनही नेरीसाने तिला तसंच परत जाऊ दिलं नाही. घरी नेऊन जेवायला वाढलं. तुरीचे दाणे, कोवळा फणस आणि डुकराचं मांस घातलेला आंबट रस्सा, आणि भात. रोडेलिओ घरीच होता. तो दोघींकडे आळीपाळीने बघत जेवला.

"चर्चचं पण सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"सांगितलं. ते छापण्यात चुकलेलं नव्हतं."

जेवताना हर्मेलिनाला एक गोष्ट आठवली. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर, तळाशी, विद्यापीठाचाच एक किरकोळ निधी वर्षानुवर्षं छापला जात होता: क्षेत्रावरच्या मदतनिसाची मजुरी. फार थोडेजण तो मागत, कारण दुसऱ्या पानाच्या तळापर्यंत कुणी पोचतच नसे.

"तू पाहिला नाहीस?" तिने रोडेलिओला विचारलं.

"मी पहिलंच पान वाचतो, मानांग."

"मदतनीस म्हणजे कोण लागतो?" नेरीसाने विचारलं.

"ज्याला गावातली खाडी माहीत आहे आणि नीट मोजता येतं असा."

नेरीसाने नवऱ्याकडे पाहिलं. तो भाताचा घास हातात धरून बसला.

सोमवारी हर्मेलिनाने नियम काढून वाचले. नातेवाईक नको असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरी तिने डीनबाईंना विचारलं, आणि त्यांनी आधी नाक मुरडून मग सही केली. आंब्याच्या रोजापेक्षा ती मजुरी थोडी कमीच होती, पण आंबे मे महिन्यात संपतात.

जूनमध्ये रोडेलिओ शाळेत रुजू झाला. आठवड्याचे पाच दिवस ओहोटीच्या वेळी नेरीसा एकटीच चिखलात उतरायची, लाकडी चौकटी टाकून त्यांच्या आतली कालवं मोजायची आणि वहीत लिहायची. पहिल्या महिन्यात तिचे आकडे त्याच्या आकड्यांशी जुळेनात. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी दोघांनी मिळून एक चौकट मोजली तेव्हा कळलं, की तो एकमेकांना चिकटलेली पिल्लं एक धरत होता आणि ती सुटी. प्रबंधातली मोजणीची पद्धत त्याला नव्याने लिहावी लागली. पुढच्या वर्षी प्रतिष्ठानने त्याला निम्मं अनुदान दिलं. बाकीच्या तिघांपैकी एकालाच मिळालं. एकजण शिक्षण सोडून सेबूला नोकरीला गेली, आणि ते हर्मेलिनाने मनाला लावून घेतलं.

त्याच वर्षी डिसेंबरात मार्गदर्शक सर काम पाहायला आले. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी रोडेलिओला विचारलं, "या बाजूची कालवं अशी खुरटलेली का?"

रोडेलिओ वही चाळू लागला.

"त्याला काय विचारता, सर," पलीकडून नेरीसा म्हणाली. "तो फक्त शनिवारी येतो. वरच्या अंगाला मासळीचं तळं आहे, त्याचं घाण पाणी दर बुधवारी इकडे सोडतात. या इकडे, दाखवते."