पाच वॅटचा स्पीकर

“अणीक मोठं करा,” अंबा म्हणाली.

तुळजाजीने रेडिओचं बटण केव्हाच शेवटपर्यंत पिळलं होतं. दिवसभर दुकानात लग्नाचे कर्णे दुरुस्त करून त्याचे खांदे भरून आले होते. पण आज संध्याकाळी त्यांची लेक सुंदरी तिरुचिरापल्लीच्या रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती, आणि तिची आई अंबा वर्षभरात जवळजवळ ठार बहिरी झाली होती.

म्हणून तर त्याने दुकानातला वीस वॅटचा ॲम्प्लिफायर सायकलला बांधून घरी आणला होता. रेडिओचा स्पीकर पाच वॅटचा. गिऱ्हाइकांना तो नेहमी बजावायचा, “स्पीकरावर लिहिलंय तो त्याचा आवाज नव्हे हो, त्याची सोसायची ताकद. मोठा ॲम्प्लिफायर लावा, पण हात आवरा.” सांगून सांगून तोंड दुखलं. लोक बटण पिळायचे आणि जळका स्पीकर घेऊन त्याच्याकडेच यायचे. युद्ध सुरू झाल्यापासून तर नवा मिळायचं नावच नव्हतं.

त्याने तारा बदलून रेडिओचा आवाज ॲम्प्लिफायरातून स्पीकरला दिला आणि अंबाला खुणेने जवळ बसवलं. ती रेडिओच्या पेटीला कान लावून बसली. सुंदरीचं नाव पुकारलं गेलं, तंबोरा लागला, गाणं सुरू झालं.

“येईना हो आइकूं.”

तिचा तो कोरा चेहरा तुळजाजी वर्षभर पाहत होता. त्याला त्या चेहऱ्याचा कंटाळा आला होता, आणि कंटाळा आल्याची लाजही वाटत होती. त्याने ॲम्प्लिफायरचं बटण पिळलं. स्पीकर घरघरू लागला. ही घरघर त्याने झोपेतही ओळखली असती. आता हात आवरायचा.

“अणीक थोडकं!”

त्याने आवरला नाही.

“अय्यो, सुंदरीच ती!” अंबाचा चेहरा एकदम फुलला. “आइकूं येतंय हो मला!”

दोन ओळी झाल्या असतील. जळका वास आला आणि आवाज गेला.

“थांबली?” अंबाने विचारलं.

तुळजाजीला ओरडून रडावंसं वाटलं. त्याने नाही अशी मान हलवली. ते काही खोटं नव्हतं, तिकडे पोर गातच होती. त्याने अंबाचा हात मांडीवर घेतला आणि तिच्या तळव्यावर ताल धरला. एक थाप, मग करंगळीपासून एकेक बोट. लहानपणी सुंदरीला अंबानेच असा ताल शिकवला होता. अंबा ओठांतल्या ओठांत तेच गाणं म्हणू लागली.

ते कुठे संपतं हे त्याला कळेना, म्हणून तो ताल देतच राहिला.

शेवटी तिनेच त्याची बोटं मुठीत धरली.

“पोतुम, पुरे. सरलं असेल आता,” ती म्हणाली. “चांगली गायिली पोर.”

आणि जळका वास जावा म्हणून तिने उठून खिडकी उघडली.