खोट्या तळाचा पेटारा

मी पेटारा बोलतोय. कपडे ठेवायचा नव्हे, माणूस नाहीसा करायचा. दचकू नका, नाहीसं कुणीच होत नसे. श्यामलाबाई माझ्या खोट्या तळाखाली अंग चोरून पडून असायच्या, एवढंच.

एकोणपन्नास साली कोलकात्याच्या बेहाला भागात माझा जन्म झाला. दिगंबर हा कोलकात्यातच वाढलेला मराठी जादूगार. जादूच्या सामानाचं त्याचं दुकान होतं. स्वस्तातल्या आंब्याच्या फळ्या त्याने स्वतःच जोडल्या, कारण सुताराला सांगितलं असतं तर गुपित गावभर झालं असतं. या धंद्याचा रिवाजच आहे, गिऱ्हाइकाने वस्तू विकत घेईपर्यंत तिची मेख सांगायची नाही. दिगंबर तर या रिवाजाला देवासारखा पूजायचा. मला त्याने कधी विकायलाच काढलं नाही.

श्यामलाबाई त्याची बायको. खेळात त्या माझ्यात उतरायच्या. आतून टकटक झाली की त्या तळाखाली पोचल्या असं समजायचं. मग दिगंबर झाकण उघडून रिकामा पेटारा दाखवायचा आणि लोक आ वासायचे. माणसांची गंमतच आहे, फसायलासुद्धा तिकीट काढून येतात.

चोपन्नच्या पावसाळ्यात खिदिरपूरला खेळ होता. हवा अशी दमट की माझ्या फळ्या फुगल्या. टकटक झाली, मी रिकामा दिसलो, सगळं ठीक. पण श्यामलाबाईंना परत वर यायचं होतं आणि तळ सरकेना. त्यांनी पुन्हा ठोठावलं. मग दोन्ही मुठींनी. लोकांना वाटलं, अदृश्य बाईच ठोठावतेय! "बाह् दादा, बाह्!" म्हणत त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दिगंबरला मात्र कळलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, हात माझ्याकडे आला. पण तळ उचकटला असता तर भर सभेत गुपित फुटलं असतं. हात मागे गेला. पडदा पडेपर्यंत तो हसून बोलत राहिला. मला त्याचा असा संताप आला!

पडद्यामागे त्याने पहारीने तळ फोडला. श्यामलाबाई जिवंत होत्या, नखं रक्ताळलेली.

"अहो, तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

दुसऱ्याच दिवशी त्या बजबज गावी भावाकडे निघून गेल्या.

तेव्हापासून खेळ बंद. मला दुकानात मधोमध ठेवलंय. येईल त्याला दिगंबर माझा फुटका तळ उचलून सगळं गुपित फुकट दाखवतो. "बस, एइटुकु?" एवढंच होय, म्हणत लोक हसतात आणि काही न घेता जातात. दुकान आता बुडाल्यातच जमा आहे.

परवा श्यामलाबाई शिवणाचं मशीन न्यायला आल्या. दिगंबर लगबगीने मला उघडू लागला.

"श्यामला, बघ, आता मी कुणापासून काही लपवत नाही."

"आता उघडून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "आत मी नाहीये."

वाचकहो, कुणीतरी मला सरपणाला न्या. गिऱ्हाईक नसलं तरी दिगंबर माझं झाकण उघडतो आणि आत बघत बसतो.